बांधाबाहेरची खाडी

(दाभोळ खाडीकाठच्या शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येचा माणूस आला म्हणजे भाताची जात आणि खताची मात्रा सांगणार, अशी तुमची अपेक्षा असणार. खारजमिनीसाठी पनवेल-१, २ व ३ या जाती आहेत, त्या आपणास ठाऊक आहेत. पण बांध फुटला तर कोणतीच जात उभी राहत नाही. म्हणून आज बांधाबाहेरच्या खाडीविषयी बोलतो.

आपली वाशिष्ठी सह्याद्रीतून निघून चिपळूणवरून पश्चिमेला येते. खेडकडची जगबुडी तिला मिळते आणि दाभोळ व अंजनवेल यांच्यामधून ती समुद्रात जाते. कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेले पाणीही कोळकेवाडीमार्गे तिच्यातच येते. त्यामुळे वरच्या अंगाला उन्हाळ्यातही गोडे पाणी येत राहते. मुखाशी मात्र समुद्राचे पाणी, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले.

या दोन पाण्यांच्या ओढाताणीतच खाडीतील जीव जगतात. तिवराचे पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. शोषलेले मीठ ते पानावाटे बाहेर टाकते. चिखलातून वर आलेली त्याची मुळे श्वासासाठी असतात, आणि तीच गाळ धरून ठेवतात व लाटेचा जोर मोडतात. तिवर, चिपी, कांदळ यांच्या मुळांत बोय, काळुंदर आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. त्यांच्यामागे बगळे, खंड्या आणि उद येतात. मगरी तर वाशिष्ठीत आणि जगबुडीत आहेतच. थंडीत काठावर उन्हाला पडलेल्या तुम्ही पाहता. तेथे गुरे पाण्यात घालू नयेत, एवढेच सांगतो.

आता मुद्द्याचे. बांध कमकुवत झाल्याचे माणसाआधी खाडीतील जीवांना कळते. बांधाच्या आतल्या बाजूस ओल्या मातीचे ताजे ढीग दिसले तर खेकड्याने बीळ आरपार नेले असण्याचा संभव असतो. शेतातल्या चरात निवटी उड्या मारू लागली, तर उघाडीची फळी नीट बसत नाही असे समजावे. आणि शेतात तिवराची रोपे उगवली, तर भरतीचे पाणी बी घेऊन आत येत आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९८ साली, मी शाळेत असताना, आमच्या घरच्या खारीच्या बांधाला असेच एक बीळ पडले. वडिलांनी ते पाहिले होते; लावणी आटोपल्यावर बुजवू, असे ठरले. भाद्रपदातल्या उधाणाने तेथेच खिंडार पाडले. दुसऱ्या वर्षी मजूर मिळाले नाहीत, तिसऱ्या वर्षी पैसे नव्हते. आज तेथे तिवराचे दाट रान आहे. बगळे छान बसतात, भात मात्र होत नाही.

आणि ते रान आता तोडताही येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे कांदळवन खासगी जमिनीत असले तरी त्याला संरक्षण आहे. काही शेतकरी याला अन्याय म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण बाहेरचे तिवर गेले तर उरलेले बांधही टिकणार नाहीत. पण फुटलेला बांध चार-पाच वर्षे तसाच ठेवणाऱ्याची जमीन कायमची जाते, हे लक्षात ठेवावे. बाहेरचे रान राखावे आणि आतला बांध वेळीच डागावा, दोन्ही कामे एकाच शेतकऱ्याची आहेत.

पाहणी केव्हा करावी? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला बांधाच्या आतल्या बाजूने चालावे. गळती तेव्हाच दिसते. तिथीची पाऊणपट केली की मुखाजवळच्या भरतीची ढोबळ वेळ निघते. अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. वरच्या गावांना पाणी त्यानंतर पोहोचते. जेथे पाझर दिसेल तेथे काठी रोवून खूण करावी. दुरुस्ती अष्टमीच्या भांगाला करावी, तेव्हा पाणी कमी चढते. बीळ वरवर लिंपू नये. तळापर्यंत उकरून, त्यात चिकणमाती थराथराने भरून धुमसावी. उघाडीची फळीही त्याच दिवशी काढून तपासावी, आणि हे सारे पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकावे.