मैदानावरून रुग्णसेवेकडे

(तालुका क्रीडा स्पर्धांच्या समारोपप्रसंगी शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी मैदानाच्या कडेला उभा असता एका पालकांचा प्रश्न कानी पडला. त्यांच्या मुलाने नुकतीच शर्यत जिंकली होती. गुरुजी कौतुक करीत होते. पालक आनंदात होते, तथापि त्यांनी हळूच विचारले, “गुरुजी, पळतोय चांगला; पण पुढं काय?”

हा प्रश्न खेळाविषयीच्या अनास्थेतून येतो असे आपण बहुधा समजतो. मला तसे वाटत नाही. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे दहा-बारा असतात. ती सरली म्हणजे उरलेले चाळीस वर्षांचे आयुष्य समोर उभे राहते. त्या आयुष्याची काळजी बापाने करायची नाही तर कोणी? म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर घोषणांनी न देता एका माणसाच्या चरित्राने द्यावे, असे मी योजले आहे. त्या माणसाचे नाव डॉ. तालिमेरेन आओ.

वडिलांची इच्छा

आजच्या नागालँडमधील मोकोकचुंग जिल्ह्यात चांगकी नावाचे गाव आहे. तेथे २८ जानेवारी १९१८ रोजी तालिमेरेन यांचा जन्म झाला. तो प्रदेश तेव्हा आसाम प्रांतातील नागा टेकड्यांचा भाग होता. वडील धर्मोपदेशक होते. पुढे कुटुंब इम्पूर येथील मिशनच्या वसाहतीत राहावयास गेले. चिंध्यांचा चेंडू करून तेथील मुले खेळत, आणि त्याच चेंडूवर तालिमेरेन यांनी पहिले धडे घेतले.

१९३५ साली वडील विषमज्वराने गेले. आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, अशी त्यांची इच्छा होती. ज्या दुखण्याने घरचा कर्ता पुरुष नेला, ती दुखणी गावोगाव होती. त्यांवर इलाज करणारे हात मात्र थोडे होते. सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात ही गोष्ट कायमची रुजली.

गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकत असताना ते फुटबॉलपटू म्हणून नावारूपास आले. १९४२ साली त्यांनी कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. हेच महाविद्यालय आज आर. जी. कर या नावाने ओळखले जाते. पुढील वर्षी ते मोहन बागान या नामांकित क्लबकडून खेळू लागले. दिवसा शवविच्छेदनाचे टेबल आणि संध्याकाळी मैदान, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

आठ वर्षांचा अभ्यास

१९४८ साली स्वतंत्र भारताचे पथक प्रथमच ऑलिम्पिकसाठी लंडनला गेले. २९ जुलै रोजी वेम्बली येथे झालेल्या उद्घाटन सोहळ्यात आपला तिरंगा ज्यांच्या हाती होता, ते तीस वर्षांचे तालिमेरेन आओ होते. फुटबॉल संघाचे कर्णधारही तेच. दोन दिवसांनी, ३१ जुलै रोजी, इलफर्ड येथे फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. भारताला मिळालेले दोन पेनल्टी फटके वाया गेले, आणि अगदी शेवटच्या मिनिटांत झालेल्या गोलाने आपण २-१ असे हरलो. हार झाली खरी. तथापि या संघाने प्रेक्षकांची मने जिंकली. लंडनच्या आर्सेनल क्लबने तालिमेरेन यांना खेळण्याचे आमंत्रण दिल्याची हकीकत त्यांच्या चरित्रात वारंवार सांगितली जाते.

ते परत आले आणि पुन्हा पुस्तके उघडून बसले.

१९५० साली त्यांना एम.बी.बी.एस. पदवी मिळाली. प्रवेश १९४२ चा, पदवी १९५० ची; म्हणजे मध्ये आठ वर्षे गेली. त्या काळात कलकत्त्याने जपानी बाँबहल्ले पाहिले, १९४३ चा दुष्काळ पाहिला, १९४६ ची दंगल आणि १९४७ ची फाळणी सोसली. त्यात फुटबॉल होता, दौरे होते, कर्णधारपद होते. शिक्षक बंधुभगिनींनो, मी आपणांस मोकळेपणाने विचारतो, आपल्या शाळेतला एखादा मुलगा असा मागे रेंगाळला, तर आपण त्याला काय म्हणतो? ‘वाया गेला’ हा आपला शिक्का किती लवकर उमटतो! उशीर होणे निराळे आणि वाट सोडणे निराळे. तालिमेरेन यांना उशीर झाला, परंतु त्यांनी वाट सोडली नाही.

पुन्हा पहिल्या पायरीवर

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. कलकत्त्यात त्यांना ओळखीची वाण नव्हती. त्या शहरात फुटबॉलपटूला मिळणारे प्रेम आपणांस ठाऊकच आहे. तेथे राहून प्रतिष्ठेचे जीवन जगणे त्यांना कठीण नव्हते. परंतु त्यांनी ईशान्येची वाट धरली. दिब्रुगडच्या रुग्णालयात कान, नाक व घसा विभागात काम केले आणि १९५३ साली कोहिमाच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सहायक सिव्हिल सर्जन म्हणून ते रुजू झाले. देशाच्या संघाचा कर्णधार वयाच्या पस्तिसाव्या वर्षी सहायक झाला! मैदानावर ज्याचा शब्द चाले, त्याने आता वरिष्ठांच्या सूचना घ्यायच्या, रात्रपाळी करायची, आणि आपली कीर्ती रुग्णाच्या ज्वरावर उपयोगी पडत नाही हे रोज अनुभवायचे.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात नागा टेकड्या सशस्त्र संघर्षाने होरपळू लागल्या. अशा प्रदेशात शासकीय डॉक्टर असणे म्हणजे काय, हे या सभागृहातील आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य अस्तित्वात आले. पुढे डॉ. आओ त्या राज्याचे आरोग्य सेवा संचालक झाले आणि १९७८ साली सेवानिवृत्त झाले. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. फुटबॉलने त्यांना काही वर्षे दिली. रुग्णसेवेने पंचवीसहून अधिक वर्षे घेतली. वडिलांची इच्छा त्यांनी अशी पूर्ण केली.

हे उदाहरण एकटेच आहे असे नाही. गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. पुढे त्यांनी क्रीडावैद्यकाच्या क्षेत्रात काम केले. कॅनडाच्या जोॲनी रोशेट यांनी २०१० साली व्हँकुव्हर येथे फिगर स्केटिंगचे कांस्यपदक मिळविले. त्याच दिवसांत त्यांच्या आईचे हृदयविकाराने निधन झाले होते. वयाच्या तिशीजवळ त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले, २०२० साली पदवी घेतली, आणि कोरोनाच्या साथीत वृद्धांच्या निवासगृहांत सेवेसाठी त्या पुढे आल्या.

आपले कर्तव्य

मित्रहो, यातून प्रत्येक खेळाडूने डॉक्टर व्हावे असा अर्थ कृपया काढू नये. परिचारिका, भौतिकोपचार तज्ज्ञ, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी, आरोग्यसेवक, शिक्षक अशा अनेक वाटा आहेत. पहाटे उठण्याची सवय, हार पचविण्याची ताकद आणि सहकाऱ्यासाठी धावून जाण्याची वृत्ती खेळाडूपाशी आधीच असते. उणीव असते ती बुडालेल्या पाठांची. ती भरून काढणे आपल्या हाती आहे.

आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. या सवलती स्वागतार्ह आहेत. परंतु गुण मिळाले म्हणजे ज्ञान मिळाले असे नव्हे. वैद्यकीय प्रवेशासाठी नीटची परीक्षा द्यावीच लागते आणि तेथे पदक दाखवून प्रश्न सुटत नाहीत. स्पर्धेसाठी पंधरा दिवस बाहेर गेलेली मुलगी परत आल्यावर तिचा बुडालेला विज्ञानाचा धडा तिला कोण शिकविणार, हे शाळेने मुलगी जाण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. एवढे साधे काम आहे. त्याला निधी लागत नाही, शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही. पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, गावच्या विजेत्याचा सत्कार करताना तो सध्या काय शिकतो आहे हेही त्याला विचारावे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.

आता सकाळच्या त्या प्रश्नाकडे येतो. “पुढं काय?” असे विचारणाऱ्या त्या पालकांना मी एवढेच सांगेन की, मुलाला पळू द्या, आणि त्याचे दप्तर घरात कोपऱ्यात पडू देऊ नका. त्याला पदवीस आठ वर्षे लागली तरी धीर सोडू नका. लंडनमध्ये ज्यांच्या हाती देशाचा ध्वज होता, त्यांच्या हाती पाच वर्षांनी कोहिमात स्टेथोस्कोप होता; आणि तो हाती घेण्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही.



जय हिंद, जय महाराष्ट्र.