शीतोष्णाची कसोटी



प्रयोगशाळेसाठी यंत्र विकत घेणे हा का व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. खरेदी म्हटली की निविदा, दरपत्रके आणि सही-शिक्के! परंतु कडाक्याच्या थंडीत आणि भाजून काढणाऱ्या उष्णतेत वस्तूची परीक्षा घेणारे चेंबर घेताना प्रयोगशाळा वस्तुतः एका प्रश्नाचे उत्तर विकत घेत असते. प्रश्नच नीट मांडला नसेल, तर ते यंत्र म्हणजे एक महागडे कपाट होय.

१९८५ सालची गोष्ट पाहा. अमेरिकेच्या अंतराळयानाला जोडलेल्या अग्निबाणांच्या सांध्यांत रबरी कडी बसवीत. दाबलेली कडी सैल सोडल्यावर पुन्हा फुगून फट बुजवते की नाही, हे तंत्रज्ञांनी तपासले. ३८ अंश सेल्सिअसला तिने सांधा सोडलाच नाही. २४ अंशांना फट बुजायला २.४ सेकंद लागले. १० अंशांना १० मिनिटे वाट पाहूनही फट बुजली नाही! २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ उडाले तेव्हा हवा सुमारे २ अंशांवर होती. आदल्या रात्री तंत्रज्ञांनी उड्डाण नको म्हणून विनवले. पण एवढ्या थंडीविषयी वरिष्ठांना पटेल असा भक्कम पुरावा त्यांना पुढे ठेवता आला नाही. ७३ सेकंदांत यान फुटले आणि सात जीव गेले.

म्हणून खरेदीपूर्वी पहिला प्रश्न असा, की आपली वस्तू कोठे जाणार आहे? लडाखच्या हिवाळ्यात, मोटारीच्या इंजिनाजवळ, की अंतराळात? माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा भुरळ घालतो खरा. पण साध्या शीतयंत्राने उणे ४० अंशांच्या आसपास जाता येते, दुहेरी साखळीने उणे ७० पर्यंत, आणि त्याहून फार खाली जायचे तर उणे १९६ अंशांना उकळणारा द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो दर वेळी उडून जातो. बंद खोलीत प्राणवायूची जागा घेऊन माणसाला गुदमरवतोही. म्हणजे खर्च आणि खबरदारी दोन्ही कायमच्या मागे लागतात.

दुसरा प्रश्न: सांगितलेले तापमान रिकाम्या चेंबरचे, की आत वस्तू ठेवल्यावरचे? तिसरा: ते सगळीकडे सारखे आहे काय? तवा मध्ये तापला आणि कडेला गार राहिला, तर भाकरी एकीकडे करपते नि दुसरीकडे कच्ची राहते. म्हणून आठही कोपऱ्यांत आणि मध्यभागी तापमापके ठेवून पाहावे. हवा थंड झाली म्हणजे वस्तूचा गाभा थंड झाला, असेही नव्हे. त्याला वेळ द्यावा लागतो. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: दिसणारा आकडा खरा कशावरून? आपल्या देशाचे तापमानाचे मानक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळले जाते. आपल्या तापमापकाचे नाते पायरीपायरीने तिथवर पोचते, असा दाखला विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

हे प्रश्न न विचारता केवळ सर्वांत कमी दराची निविदा उचलली, तर हिशेबतपासनीस खूश होईल. पण वस्तू फसेल ती कोणाच्या तरी हातात, कोणाच्या तरी प्रवासात. आणि यंत्राने प्रतिकूल उत्तर दिले तर ते ऐकण्याची तयारीही हवी. ती मात्र कोणत्याच निविदेत मिळत नाही. ती माणसांनीच ठेवावी लागते.