दुव्यांची साक्ष



मराठी संकेतस्थळांचा भार वाहणाऱ्या आपणां सर्वांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण माझ्याकडे सोपविलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. उपचाराचे शब्द एवढ्यावरच आवरून, ज्या विषयाची चर्चा आपल्या व्यवसायात बहुधा हलक्या आवाजात आणि मोबदल्याच्या भाषेत चालते त्या विषयाकडे, म्हणजे इतरांच्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांकडे आणि त्यांच्या बळावर शोधयंत्राच्या यादीत वर चढण्याच्या खटपटीकडे, मी सरळ वळतो.

शोधयंत्रांच्या पहिल्या पिढीची भिस्त मुख्यतः पृष्ठावरील शब्द मोजण्यावर असे, आणि त्यामुळे एकच शब्द शंभर वेळा लिहिणाऱ्याचे पृष्ठ त्या विषयाच्या जाणकाराच्या पृष्ठाहून वर दिसावे, अशी दुरवस्था होती. 1998 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी आपला प्रसिद्ध निबंध जगापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी पृष्ठ स्वतःविषयी काय म्हणते यापेक्षा इतर पृष्ठे त्याच्याविषयी काय साक्ष देतात याला महत्त्व दिले. या विचाराचे कुळ जुने आहे. यूजीन गारफील्ड यांनी वैज्ञानिक निबंधांतील परस्परसंदर्भांची सूची करण्याची कल्पना 1955 मध्ये मांडली आणि 1964 मध्ये ती ग्रंथरूपाने सिद्ध केली. कोणत्या निबंधाचा आधार पुढील किती संशोधकांनी घेतला, हे त्या सूचीवरून कळू लागले. पेज व ब्रिन यांनी तेच तत्त्व महाजालास लावले, परंतु त्यात एक मर्मभेदी सुधारणा केली. दुव्यांची केवळ गणती न करता, दुवा देणाऱ्या पृष्ठाचे स्वतःचे वजन किती आणि ते वजन त्याने किती दुव्यांत वाटले आहे, याचा हिशेब त्यांनी मांडला. मुलीचे स्थळ पाहताना घरचा कर्ता पुरुष चार ठिकाणी चौकशी करतो, पण ज्याच्यात्याच्याविषयी गोडच बोलणाऱ्या गृहस्थाच्या शिफारशीस तो फारशी किंमत देत नाही आणि मोजके बोलणाऱ्या प्रतिष्ठिताचा एक शब्द मात्र मनावर घेतो. त्या गणिताचा आशय याहून वेगळा नाही.

साक्षीला किंमत आली की खोटे साक्षीदारही उभे राहतात. केवळ एकमेकांना दुवे देण्यासाठी उभारलेली निर्जीव स्थळे, वाचकांच्या अभिप्रायांत यंत्राकरवी घुसविलेले पत्ते, आणि उघडउघड दाम मोजून घेतलेले दुवे यांचा सुळसुळाट झाला. जानेवारी 2005 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांनी एकविचाराने ‘नोफॉलो’ हे चिन्ह मान्य केले, त्यामागे हाच उपद्रव होता. हे चिन्ह लावलेला दुवा शिफारस म्हणून धरू नये, असा त्याचा अर्थ. तरीही फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या अमेरिकेतील जुन्या, नामांकित दुकानदार पेढीचे प्रकरण उघडकीस आणले. पोशाखांपासून गालिच्यांपर्यंत अनेक शब्दांच्या शोधात ती पेढी कित्येक महिने अग्रभागी होती, आणि तिच्याकडे येणारे हजारो दुवे त्या मालाशी सुतराम संबंध नसलेल्या स्थळांवर पेरलेले होते. हा प्रकार आपल्या संमतीने झाला नाही, असे पेढीने सांगितले आणि सल्लागारांस दूर केले; गूगलने मात्र तिला यादीत खाली लोटले. 24 एप्रिल 2012 रोजी गूगलने ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा अमलात आणली आणि अशा बनावट साक्षींवर उभ्या राहिलेल्या असंख्य स्थळांचे स्थान एका फटक्यात गेले. ज्या मालकांनी दलालांच्या हवाली आपला कारभार केला होता, त्यांना पुढे आपल्याच नावे आलेले दुवे नाकारण्याचा अर्ज करीत बसावे लागले.

हे दलाल आता मराठी संपादकांच्याही दारी येतात. त्यांना आपण दारातूनच परत पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दंडाची भीती हे त्याचे गौण कारण होय. माहितीच्या शोधात निघालेला एखादा शेतकरी वा विद्यार्थी ज्या यादीवर विसंबतो, ती यादी विकत घेतलेल्या दाखल्यांनी दूषित करणे हा त्या वाचकाशी केलेला विश्वासघात आहे, आणि मराठीतून खात्रीची माहिती मिळण्याची ठिकाणे आधीच थोडी असल्यामुळे तो अधिक गंभीर आहे.

आपल्या घरची कैफियत यापेक्षा निराळी आहे. मराठीतील पुष्कळ मजकूर दीर्घकाळ अशा टंकांत अडकून राहिला की युनिकोडच्या अभावी शोधयंत्रास तो वाचताच येईना. पुष्कळ ग्रंथ छायाचित्रांच्या रूपाने चढविले गेले, आणि त्यांतील अक्षर अक्षर म्हणून नोंदलेच गेले नाही. पुढे मजकुराचे रूपांतर झाले, तेव्हा पृष्ठांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे कायमचे वळण लावून देण्याची तजवीज झाली नाही. वर्षानुवर्षांच्या कष्टाने मिळालेले दुवे त्यामुळे एका रात्रीत निष्प्राण झाले. याहून मला सलणारी गोष्ट म्हणजे आपली परस्परांविषयीची उदासीनता. एका स्थळावरील लेखाचा मजकूर दुसऱ्यावर उतरतो, कधी लेखकाचे नावही येते, पण मूळ पृष्ठाचा दुवा येत नाही. आणि आला, तर ‘येथे पाहा’ एवढ्याच शब्दांवर, ज्यांतून वाचकास वा यंत्रास पलीकडे काय आहे याचा बोधच होत नाही.

वास्तविक संदर्भ देण्याची शिस्त आपल्यात नव्हती असे नाही. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध होऊन 1976 पासून खंडशः प्रसिद्ध झालेला मराठी विश्वकोश पाहावा: नोंदीतून नोंदीकडे निर्देश, नोंदीखाली लेखकाचे नाव, आधारग्रंथांची सूची. जो कोश दुसऱ्यास असा मान देतो, त्याचा दाखला इतरांनाही द्यावासा वाटतो. एखाद्या गावच्या मोडी दप्तराचे बिनचूक लिप्यंतर, एखाद्या तालुक्यातील विहिरींची व बारवांची पाहणी, शेतीच्या अवजारांचे स्थानिक शब्दांसह सचित्र वर्णन, यांसारखी दुसरीकडे न मिळणारी सामग्री ज्याने स्थिर पत्त्यावर ठेवली, त्याच्याकडे विद्यापीठांचे, वृत्तपत्रांचे आणि ज्ञानकोशांचे लक्ष जाते. विकिपीडियावरील बाह्य दुव्यांस ‘नोफॉलो’चे चिन्ह असते हे खरे, तरी तेथून येणारा अभ्यासक पुढे स्वतःच्या निबंधात आपला दाखला देतो, हे लक्षात घ्यावे. आणि आपले काम योग्य माणसाच्या नजरेस आणून देण्यासाठी त्याला सविनय पत्र लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही. त्याच्या पृष्ठावरील तुटलेला दुवा दाखवून त्या जागी उपयोगी पडेल असे आपले पृष्ठ सुचविणे, ही तर उभयपक्षी सेवा होय.

म्हणून या परिषदेने एक ठराव विचारात घ्यावा, अशी माझी सूचना आहे: सभासद-संपादकांनी ज्या मराठी लेखनाचा आधार घेतला त्याच्या मूळ पृष्ठाचा दुवा अर्थवाही शब्दांवर द्यावा, स्थलांतर करताना जुने पत्ते चालू ठेवावे, आणि पैसे घेऊन दिलेल्या प्रत्येक दुव्यावर तशी नोंद ठेवावी. ठरावाचा मसुदा चिटणिसांकडे दिला आहे. दुरुस्त्या असल्यास त्या दुपारच्या बैठकीपूर्वी लेखी द्याव्यात.