उघडं दार आणि पिठाचा डबा

(पुसेगाव, जि. हिंगोली येथील भगिनी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज 'सेवेकऱ्याचं घर' हा विषय दिला आहे. ईश्वरविद्येचा डिप्लोमा करताना आम्हाला उपदेश कसा करावा हे शिकवलं, मंडळीचा इतिहास शिकवला, आजाऱ्यांना भेटायला जावं कसं हेही शिकवलं. रात्री साडेनऊला चार माणसं न सांगता आली आणि डब्यात दोन वाट्या पीठ असलं तर काय करावं, हे कोणी शिकवलं नाही. ते आपण इथे चुलीपुढे शिकलो. म्हणून आज मी त्या पिठाबद्दलच बोलणार आहे.

आपलं दार उघडं असतं, हे आपण साक्षीत नेहमी सांगतो. ते खरंही आहे. पुसेगावसारख्या ठिकाणी सेवेकऱ्याच्या घरी कोण येत नाही? कलमनुरीच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात कागद द्यायला निघालेला आंध समाजाचा दादा येतो. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा पुरावा शोधणारी माणसं येतात. दिवस भरलेली सून घेऊन हिंगोलीला दवाखान्यात निघालेली सासू येते. तिला चहा लागतो आणि बरोबर येणारं माणूसही लागतं. तांड्यावरची, पाड्यावरची लेकरं अभ्यासाला येतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत थांबतात. त्यांना उठा म्हणायला जीभ रेटत नाही.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे आईला मागे राहता येत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप. अशा वेळी आई लेकराचा हात धरून आपल्या दारात उभी राहते आणि म्हणते, "ताई, हिला तुमच्याकडे राहू द्या, साळा बुडू नये." त्या बाईला आपण काय उत्तर देणार?

आता थोडा हिशेब करू. चिडू नका, हिशेब करणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या साधारण दहा भाकरी होतात. वाढतं लेकरू दिवसाला तीन भाकरी खातं. म्हणजे महिन्याला नऊ किलो पीठ आणि सहा महिन्यांच्या हंगामाला चोपन्न किलो, अर्ध्या क्विंटलहून जास्त. हे एका लेकराचं. डाळ, तेल, साबण, वही, पांघरूण वेगळं. आता वेळ बघा. एक भाकर थापून, भाजून, फुगवून काढायला दोन-अडीच मिनिटं लागतात. दहा माणसांच्या घरात दोन्ही वेळच्या मिळून चाळीस भाकरी धरल्या तर दीड तास नुसता तव्यापुढे जातो. दळण आणणं, पाणी भरणं, भांडी घासणं त्यात धरलेलं नाही. हा दीड तास कोणाच्या अहवालात लिहिलेला मी आजवर पाहिला नाही. अहवालात असतं, 'इतक्या मुलांची सोय केली.' सोय कोणी केली, ते वाक्यात येतच नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात अशा घराचं सगळ्यात खरं वर्णन एका बाईनं करून ठेवलं आहे. लक्ष्मीबाई टिळक. त्यांचं 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकींनी शाळेत थोडंफार वाचलं असेल. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके कडक सोवळ्याचे की घरात येणारं मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यायचे. अशा घरातली ही मुलगी, लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. टिळक मोठे कवी, मनानं उदार आणि स्वभावानं तापट. हातात पैसा आला की तो कोणाच्या तरी गरजेला निघून जायचा. कधी कधी घरी न सांगता ते स्वतःच निघून जायचे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन पुढची काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही सुरुवातीला त्यांनी आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवलं. कोणी सांगितलं म्हणून त्यांनी ते मोडलं नाही. स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा मोडलं, आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला.

तो काळ कसा होता? १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, त्याच्या आगेमागे प्लेग. अहमदनगर भागात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशन पोरक्या मुलांना सांभाळत होतं. टिळकांचं घरही भरलेलं. पोरकी मुलं, शिकणारी मुलं, पाहुणे, कवी. पुढे बालकवी ठोंबरे नगरला याच घरात राहिले. ते ख्रिस्ती नव्हते, पण लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. टिळक माणूस घरी आणायचे आणि त्याचं ताट लक्ष्मीबाई मांडायच्या. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. पगार सुटला म्हणजे घरात काय होतं हे मला तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक देवाघरी गेले.

मला लक्ष्मीबाईंचं मोठेपण कशात वाटतं ते सांगते. त्यांनी दार बंद केलं नाही, आणि तोंडही बंद ठेवलं नाही. पैसा नाही तर नाही म्हणाल्या. राग आला तर भांडल्या. पुढे लिहायला बसल्या तेव्हा घरातले वाद, नवऱ्याचा विसराळूपणा, स्वतःची फजिती, सगळं हसत हसत लिहून टाकलं. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं छापलं गेलं. ते वाचून टिळकांचा मान कमी झाला का? उलट त्यांच्यावरचं आपलं प्रेम वाढलं. आणि नवऱ्यानं अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' याच बाईंनी पुरं केलं. घरातलं खरं सांगितल्यानं सेवेला बट्टा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

आपल्यात अजून ही भीती आहे. मी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या बहिणीबद्दल सांगते, नाव-गाव सांगत नाही. नवरा सेवेत, घरात आपली दोन आणि दुसऱ्यांची पाच लेकरं. ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची. शेवटी म्हणजे भाकरीचा काठ आणि पातेल्याला लागलेलं वरण. तक्रार नाही, चेहऱ्यावर हसू. मंडळीत तिच्या नावानं टाळ्या व्हायच्या. एका आरोग्य शिबिरात तिचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. बाईमाणसाला ते बारा तरी असावं लागतं. ज्या घरातून गावच्या गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या घ्या म्हणून सांगितलं जायचं, त्याच घरातली ही बाई. मी विचारलं, "ताई, घरात सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "सांगितलं तर लेकरांना परत पाठवतील. त्यांनी कुठं जावं?" तिच्या मनात दोनच वाटा होत्या. आपण उपाशी राहायचं किंवा लेकरांना घालवायचं. तिसरी वाट तिला कोणी दाखवलीच नव्हती.

तिसरी वाट पवित्र शास्त्रात आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय घरी जाऊन पुन्हा वाचा. पहिल्या मंडळीत पहिली मोठी कुरकूर कशावरून झाली? जेवणावरून. रोजच्या वाटपात काही विधवांना वाट्याला येत नव्हतं. प्रेषितांनी काय केलं? कुरकूर करणाऱ्यांना गप्प बसा म्हटलं नाही. सात माणसं निवडली, चांगल्या नावाची, आत्म्यानं भरलेली. स्तेफन त्यांतलाच. आणि बंधूंनो, ते सातही पुरुष होते बरं का! पंगत वाढण्याच्या कामासाठी आत्म्यानं भरलेली माणसं लागतात, असं त्या मंडळीला वाटलं. आपण ते काम न विचारता एका बाईच्या गळ्यात घालतो.

सारफथची विधवा आठवा. एलियानं भाकर मागितली तेव्हा तिनं आधी आपला हिशेब सांगितला. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, आणि घरात एक मूल. संदेष्ट्यापुढे तिनं काही झाकलं नाही. चमत्कार त्यानंतर झाला. आणि मार्था? प्रभूनं तिला तिच्या धावपळीबद्दल समजावलं, हे आपण नेहमी ऐकतो. पण योहानाच्या बाराव्या अध्यायात, लाजर मेलेल्यांतून उठल्यावर, पंगतीत वाढणारी मार्थाच आहे. प्रभूनं तिचं काम काढून घेतलं नव्हतं. आपलं ओझं तिनं प्रभूलाच उघड बोलून दाखवलं होतं.

आता आमच्या घरात काय करतो ते थोडक्यात सांगते. सगळं जमतं असं नाही, पण उपयोग होतो.

पहिलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला एक वही टांगली आहे. आज कोण जेवलं, किती दळण संपलं, कोणाच्या औषधाला किती गेले, ते त्यात लिहितो. महिन्याच्या शेवटी माझे मिस्टर आणि मी ती वही घेऊन बसतो. पाहुणे आणतात ते, पण आता पिठाचा डबा किती खाली गेला हे त्यांनाही माहीत असतं. भांडी घासायची पाळी मोठ्या मुलांमध्ये वाटलेली आहे. त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. आमच्याकडे राहणाऱ्या लेकरांना आणि पोटच्या लेकरांना कामही सारखं आणि दुधाचा पेलाही सारखा.

दुसरं, लेकरू ठेवायचं की नाही हे एकट्यानं ठरवायचं नाही. मागच्या हंगामात एक आई तिसरं लेकरू घेऊन आली. दोघं आधीच आमच्याकडे होती आणि मुलीचं दहावीचं वर्ष होतं. आम्ही त्या बाईला चहा दिला, बसवलं आणि घरातल्या सगळ्यांना विचारलं. मुलगी म्हणाली, "ठेव आई, पण माझी अभ्यासाची खोली तेवढी मला राहू दे." धाकटा म्हणाला, "माझं अंथरूण देतो, पण रात्री तो घोरला तर?" सगळे हसले. तरी शेवटी आम्ही तिसऱ्याला घरी ठेवलं नाही. मुलांच्या शाळेत गेलो, गुरुजींशी बोललो. स्थलांतर करणाऱ्यांच्या लेकरांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना असते, त्याची चौकशी केली. त्यात गावातच राहणाऱ्या आजीकडे लेकराची झोपायची सोय लागली आणि जेवण शाळेतून. रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचं. त्याची शाळा बुडाली नाही. आमच्या मुलीचीही परीक्षा नीट झाली. 'नाही' म्हटल्यावर आपलं काम संपत नाही, तिथून पुढे त्या लेकरासाठी पायपीट करावी लागते. पण ती पायपीट दोघंही करू शकतात. भाकरी मात्र एकटीच थापत असते.

तिसरं, घरच्या बाईनं सगळ्यांबरोबर पंगतीला बसायचं. वाढणं मधे ठेवायचं, ज्यानं त्यानं घ्यायचं. ज्या दिवशी कमी असेल त्या दिवशी सगळ्यांना कमी. आमच्या मुलांना यामुळे प्रार्थनेचा अर्थ कळला असं मला वाटतं. रोजची भाकर माग म्हणून प्रभूनं शिकवलं, तर ती किती लागते हे लेकरांना दिसलं पाहिजे.

आता मंडळीला आणि दूरवरून मदत करणाऱ्या हितचिंतकांना एक विनंती. तुमच्या दानानं वह्या येतात, औषधं येतात, त्याबद्दल आम्ही देवाचे आणि तुमचे आभार मानतो. पण पुढच्या वेळी सेवेकऱ्याच्या घरी आलात तर सरळ स्वयंपाकघरात या. ताईंना विचारा, "दळण किती आहे? पाठदुखी कशी आहे? तुम्ही जेवलात का?" सुगीच्या उपासनेला पहिलं फळ आणता तेव्हा त्यातली एक गोणी ज्वारी आणि चार किलो तूर या घरांसाठी वेगळी काढा. मंडळीतल्या दोन बहिणींनी आठवड्यातून एक दिवस भाकरीची पाळी घेतली तर त्या घरातल्या बाईला त्या दिवशी तुमच्याबरोबर बसून उपासना ऐकता येईल. आणि पंच मंडळींनी वर्षाच्या अहवालात या घरांतल्या जेवणाचा खर्च लिहावा, म्हणजे तो कोणाच्या तरी अंगावर मुकाट्यानं पडणार नाही.

ऊसतोडीच्या गाड्या या वर्षीही निघतील. लेकराचा हात धरून कोणीतरी आई दारात उभी राहीलच. त्या आधी या पंधरा दिवसांत प्रत्येक मंडळीनं एकदा बसावं आणि ठरवावं की आपल्या गावात किती लेकरं मागे राहणार आहेत, कोणतं घर किती लेकरं ठेवू शकतं, शाळेशी कोण बोलणार आहे आणि धान्य कोण देणार आहे. कागदावर नावं लिहा. त्यात पुरुषांचीही नावं असू द्या.

प्रभू तुमच्या घरांना, तुमच्या लेकरांना आणि तुमच्या चुलीला आशीर्वाद देवो.