शास्त्राची झेप आणि कारखान्याचे दार



आम्ही शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ शिकलो. या दशकात शास्त्राने मोठी मजल मारली. १६ जानेवारी २०२१ पासून पुण्यात तयार झालेली लस देशभर टोचली जाऊ लागली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ खाचखळगे टाळून चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. आम्हांस त्याचा अभिमान आहे.

परंतु याच मुळशी तालुक्यात, उरवडे येथे, ७ जून २०२१ रोजी रसायनाच्या कारखान्याला आग लागून कामगार होरपळून मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. चंद्रावर सुखरूप उतरणे ज्या देशाला साधते, त्याला कारखान्यातून सुखरूप बाहेर पडण्याचे दार का साधू नये? शास्त्राची उंची आम्ही त्या दारापाशी मोजतो.