सेडान घ्यायची, पण कोणती?

शिरूर-दौंड परिसरात सेडान घेऊन ती दहा-पंधरा वर्षं वापरायची असेल, तर आधी आपला रोजचा रस्ता पाहा. न्हावरे-चौफुला मार्गावर उसाच्या ट्रॉल्यांमागून, गावागावांतले गतिरोधक ओलांडत जायचं असेल, तर चार मीटरच्या आतली छोटी सेडान घ्या. टायर, विमा, इंधन, सगळाच खर्च आटोक्यात राहतो. तिचं पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. मोठ्या सेडानवर ४० टक्के. मात्र सोलापूर महामार्गानं पाच माणसं घेऊन नेहमी लांब जाणाऱ्यांना मधल्या आकाराचीच सुखाची. मागं बसलेल्या आजी-आजोबांचे गुडघे आखडत नाहीत. सीएनजीची टाकी डिकीतली जागा घेते, हेही ध्यानात ठेवा. बुकिंगआधी घरच्या सगळ्यांना बसवून गाडी चालवून पाहाच.