नेमणूकपत्रातील परिवीक्षेची कलमे

(कामगार आघाडीवरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कारखान्यात किंवा कचेरीत नव्याने रुजू होणाऱ्या तरुणाच्या हाती एक नेमणूकपत्र ठेवले जाते. बहुधा ते इंग्रजीत असते. पगाराचा आकडा त्यात ठळक असतो आणि त्याची नजर तेथेच खिळते. त्याखाली चार-पाच ओळी असतात. आपली नेमणूक सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर करण्यात येत आहे. ही मुदत व्यवस्थापनाला योग्य वाटेल त्याप्रमाणे वाढवता येईल. लेखी आदेश निघेपर्यंत आपण परिवीक्षाधीनच समजले जाल. या काळात केव्हाही, कोणतेही कारण न देता, आपली सेवा समाप्त करता येईल. खाली सहीची जागा असते. तरुण सही करतो. दीड वर्षाने तोच घडी पडलेला कागद घेऊन तो युनियनच्या कचेरीत येतो आणि विचारतो : काल मला कामावरून काढले, तर मी परमनंट झालो होतो की नव्हतो?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या चार-पाच ओळींत असते, आणि त्या ओळी मुद्दामच संदिग्ध ठेवलेल्या असतात. ज्या मालकाला उत्पादनाचे कोष्टक मिनिटामिनिटाने आखता येते, त्याला परिवीक्षा कोणत्या तारखेला संपते हे लिहिता येत नाही, असे मानण्याचे कारण नाही. तारीख न लिहिण्यातच त्याचा फायदा असतो. तेव्हा हे कलम कसे वाचावे, हा वकिलावर सोपवून मोकळे होण्याचा प्रश्न नाही. तो कार्यकर्त्याला स्वतःला उलगडता आला पाहिजे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. परिवीक्षेला कामगार ‘प्रोबेशन’ म्हणतात, जुनी माणसे ‘उमेदवारी’ म्हणतात. या दुसऱ्या शब्दामुळे मोठा गोंधळ होतो, कारण शिकाऊ कामगारालाही उमेदवारच म्हटले जाते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेला मुलगा कायद्याच्या दृष्टीने शिकत असतो, त्याला पुढे नोकरी देण्याचे बंधन मालकावर सहसा नसते. परिवीक्षाधीन कामगाराची गोष्ट वेगळी आहे. १९४६ च्या औद्योगिक नोकरी (स्थायी आदेश) कायद्याखालील केंद्रीय नमुना आदेशांनी त्याची व्याख्या अशी केली होती, की कायम स्वरूपाच्या रिकाम्या जागेवर तात्पुरता नेमलेला आणि त्या जागेवर तीन महिन्यांची सेवा पूर्ण न झालेला कामगार तो परिवीक्षाधीन. या व्याख्येतील ‘कायम स्वरूपाची रिकामी जागा’ हे शब्द पुन्हा वाचण्यासारखे आहेत. जागा कायमची आहे हे मालकाने मान्य केलेले असते, पारखायचा असतो तो फक्त माणूस. म्हणून ‘ट्रेनी’ या नावाखाली यंत्रावर पूर्ण पाळी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच, की त्याच्या हातचे काम कायमचे आहे की नाही. पत्रावरील नावापेक्षा मस्टर आणि यंत्र जास्त खरे बोलतात.

महाराष्ट्रात लागू असलेले नमुना आदेश याच्याही पुढे गेले होते. तीन महिन्यांची अखंड सेवा झाली की सात दिवसांच्या आत व्यवस्थापकाने लेखी आदेश काढून कामगाराला कायम करावे, काम असमाधानकारक असेल तर सेवा समाप्त करावी, असे त्यांत म्हटले होते. म्हणजे मालकाने दोहोंपैकी एक काहीतरी ठरवायचे. माणसाला अधांतरी टांगून ठेवण्याची सोय त्यात नव्हती.

आता कामगार विचारील, की स्थायी आदेशांत तीन महिने आणि मी सही केलेल्या पत्रात सहा महिने, तर खरे कोणते? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या खटल्यात दिले आहे आणि तो निकाल प्रत्येक युनियनच्या कपाटात असायला हवा. उत्तर प्रदेशात बरेली येथील आगपेट्यांच्या कारखान्यात एका पहारेकऱ्याला सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर घेतले गेले. पुढे ती मुदतही वाढवण्यात आली आणि अखेर त्याला काढून टाकण्यात आले. कारखान्याच्या प्रमाणित स्थायी आदेशांत मात्र परिवीक्षा दोनच महिन्यांची होती. कंपनीचे म्हणणे सरळ होते, की कामगाराने स्वखुषीने वेगळा करार केला आहे. न्यायालयाने ते मानले नाही. स्थायी आदेशांशी विसंगत असा खाजगी करार टिकत नाही, दोन महिने भरताच पहारेकरी कायम झाला होता, असा निर्णय झाला. निकालपत्रातील विवेचनही वाचनीय आहे. बाजारतत्त्वाच्या भरभराटीच्या काळात लोकांना वाटे, की मागणी-पुरवठ्याच्या नियमाने मालक आणि कामगार यांच्यातला सौदा आपोआप न्याय्य होईल. अनुभवाने हा भ्रम दूर झाला, नोकरी मागायला आलेला माणूस वाटाघाटीत दुबळाच असतो, असा त्याचा आशय आहे. कामगारवर्गाला हे शिकायला न्यायालयाची वाट पाहावी लागली नव्हती. तरी ते निकालपत्रात आले, याची किंमत कमी नाही.

हा निकाल वापरायचा तर आपल्या कारखान्याचे स्थायी आदेश हाती असले पाहिजेत. कित्येक ठिकाणी वीस वर्षे जुन्या युनियनकडेही त्यांची प्रत नसते. ते दरवाजाजवळच्या फळ्यावर लावलेले असावेत अशी कायद्याची अपेक्षा होती. फळा असतो, त्यावर गणपतीच्या वर्गणीची यादी असते.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. मुदत संपली, मालकाने काहीच लिहिले नाही, कामगार कामावर येत राहिला. तो आपोआप कायम झाला काय? पुष्कळ कार्यकर्ते छातीठोकपणे ‘झाला’ असे सांगतात आणि कामगाराची फसगत होते. मदुराईच्या कामगार न्यायालयातून वर गेलेल्या एक्स्प्रेस न्यूजपेपर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सहा महिने संपल्यावर ना कायम केले ना काढले, अशा स्थितीत कर्मचारी परिवीक्षेवरच राहतो. मालकाचे मौन म्हणजे मान्यता असा सर्वसाधारण नियम नाही. उलट १९६८ च्या धरमसिंग खटल्याकडे पाहावे. पंजाबमधील काही शिक्षकांची परिवीक्षा नियमांप्रमाणे कशीही वाढवली तरी तीन वर्षांच्या पुढे जाऊ शकत नव्हती. १ ऑक्टोबर १९६० रोजी ती तीन वर्षे संपली, त्यानंतरही ते नोकरीत राहिले आणि १९६३ साली त्यांना काढण्यात आले. न्यायालयाने ठरवले, की कमाल मर्यादा ओलांडून परिवीक्षा चालूच शकत नसल्याने ते कायम झाले होते. २००१ साली मध्य प्रदेशातील एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात या सर्व निकालांची नीट विभागणी झाली. केवळ सुरुवातीची मुदत व वाढवण्याचा अधिकार असेल, पण कमाल मर्यादा नसेल, तर माणूस आपोआप कायम होत नाही. कमाल मर्यादा असेल आणि तिच्यापुढे वाढ देता येत नसेल, तर तो कायम मानला जातो. मर्यादा आहे, परंतु कायम होण्यासाठी परीक्षा उत्तीर्ण होणे किंवा स्वतंत्र आदेश निघणे अशी अट आहे, तर पुन्हा तो आपोआप कायम होत नाही. आरंभी सांगितलेल्या पत्रातील ‘लेखी आदेश निघेपर्यंत’ ही ओळ कोणत्या हेतूने येते, हे आता ध्यानात यावे.

मदुराईच्या त्याच निकालात कामगाराच्या बाजूचेही एक वाक्य आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. सहा महिन्यांसाठी परिवीक्षेवर नेमले, त्याहून अधिक काही लिहिले नाही, तर सहा महिने पुरे होण्यापूर्वी गैरवर्तन किंवा तसेच पुरेसे कारण असल्याखेरीज मालकाला काढता येत नाही. म्हणजे परिवीक्षेची मुदत मालकालाही बांधते. हे संरक्षण काढून घेण्यासाठीच पत्रात ‘केव्हाही’ हा एक शब्द घुसडलेला असतो.

‘कारण न देता’ याचा अर्थ मात्र ‘कारण नसताना’ किंवा ‘कारण लपवून’ असा होत नाही. १९७४ साली शमशेरसिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की आदेशाचे शब्द निरुपद्रवी असले तरी त्यामागचे खरे स्वरूप तपासता येते. याचे ठळक उदाहरण गमतीने पोलीस खात्यातले आहे. हैदराबादच्या पोलीस अकादमीतील एक परिवीक्षाधीन अधिकारी पावसाच्या दिवशी सकाळच्या कवायतीला इतरांसह उशिरा पोचला. त्यालाच चिथावणीखोर ठरवले गेले आणि चौकशी न करता साध्या शब्दांच्या आदेशाने सेवामुक्त केले गेले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडदा बाजूला सारून पाहिले आणि ही गैरवर्तनाबद्दलची शिक्षाच आहे असे म्हणून आदेश रद्द केला. हे शेवटचे दोन्ही खटले सरकारी सेवेतील होते, त्यामागे संविधानाचे संरक्षण होते, हे विसरू नये. खाजगी कारखान्यात तोच युक्तिवाद औद्योगिक कायद्याच्या आधारे, आकसाने किंवा कायद्याने दिलेला अधिकार विपरीत हेतूने वापरला, असे दाखवून करावा लागतो. युनियनची पावती फाडल्यानंतर आठवड्याने ‘असमाधानकारक कामा’चे पत्र आले असेल, तर दोन तारखा शेजारी ठेवण्याचे काम कार्यकर्त्याने त्याच दिवशी करावे.

२४० दिवसांचा हिशेबही असाच सावधपणे सांगायला हवा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन दिल्याशिवाय कपातीत काढता येत नसे. परिवीक्षाधीन कामगारालाही हे संरक्षण आहे, असे कर्नाटकातील रस्ता वाहतूक महामंडळाच्या प्रकरणात ठरले. परंतु १९८४ साली संसदेने केलेली दुरुस्ती अमलात आली आणि करारातील अटीनुसार झालेली सेवासमाप्ती कपातीतून वगळली गेली. १९९४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका परिवीक्षाधीन अधिकाऱ्याच्या बाबतीत न्यायालयाने हाच अपवाद लावला. दहा वर्षांत एक दार उघडले आणि बरेचसे लोटले गेले. २४० दिवस भरले म्हणजे कामगार परमनंट झाला, ही समजूत तर कधीच पूर्णपणे खरी नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४६ व १९४७ चे हे दोन्ही कायदे औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाले. परिवीक्षेच्या दृष्टीने त्यातील सर्वांत गंभीर बदल एका आकड्याचा आहे. स्थायी आदेशांचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या आस्थापनेला होते, काही राज्यांत पन्नासांच्या. आता ते तीनशे कामगारांपासून सुरू होते. बरेलीचा पहारेकरी वाचला तो स्थायी आदेश पत्राच्या वर होते म्हणून. दीडशे कामगारांच्या कारखान्यात उद्या असा आदेशच नसेल, तर तेथे पत्र हाच बहुतांशी कायदा होईल. शिवाय मुदतबंद नोकरीला संहितेने अधिकृत स्थान दिले आहे. एकाच पत्रात ‘अकरा महिन्यांसाठी’ आणि ‘परिवीक्षेवर’ असे दोन्ही लिहिलेले आढळले, तर कामगाराने सहीपूर्वीच विचारावे, की अकरा महिन्यांनंतर कायम व्हायचेच नसेल, तर ही पारख कशासाठी? दुसऱ्या संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. पत्रच नसलेल्या लाखो कामगारांच्या हाती निदान झगडण्याजोगा कागद येईल.

येथे आपल्याच बाजूची एक उणीव सांगणे भाग आहे. पुष्कळ युनियनांत परिवीक्षेवरच्या मुलांना सभासद करून घेत नाहीत. ‘आधी परमनंट हो, मग पावती फाड’ असे त्यांना ऐकवले जाते. मालकाला याहून सोयीचे काय असणार? परिवीक्षा म्हणजे कामाची पारख म्हणतात, प्रत्यक्षात ती मुकाट्याने राहण्याची पारख होते, आणि त्या काळात कामगार एकटा पडला तर ती तशीच होत राहील. वेतनकराराच्या मागणीपत्रात महागाई भत्त्याची आठ कलमे असतात, परिवीक्षेचे एकही नसते. ते घालता येते : मुदत इतकी, वाढ एकदाच आणि लेखी कारणांसह, मुदतीअखेर आदेश न निघाल्यास कामगार कायम समजावा. या शेवटच्या ओळीने मदुराईच्या निकालातली अडचण दूर होते, कारण मौनाचा अर्थ दोन्ही पक्षांनी आधीच लिहून ठेवलेला असतो.

आणि ज्याच्या पत्रात यातले काहीच नाही अशा कामगाराने मुदत संपण्याच्या आठवड्यात व्यवस्थापनाला दोन ओळींचा अर्ज द्यावा. अमुक तारखेला माझी परिवीक्षा पूर्ण होत आहे, माझ्या कामाविषयी तक्रार असल्यास लेखी कळवावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेची सही घ्यावी, ती न दिल्यास अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा. ती प्रत, नेमणूकपत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या घरी एका पाकिटात ठेवाव्यात, कारखान्याच्या लॉकरमध्ये नव्हे. काढलेल्या कामगाराला लॉकर उघडू देत नाहीत.